तीन पिढ्यांचा पुरावा

फेब्रुवारी 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने देशभर लग्ने नोंदवणाऱ्या रब्बींना एक सूचनापत्र पाठवले. बेने इस्रायल समाजातल्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी ठरले, तर आधी त्या बेने इस्रायल घराण्याची चौकशी करावी असे त्यात म्हटले होते. आई कोण, आजी कोण, पणजी कोण, त्याही मागे जमेल तितके जावे, निदान तीन पिढ्या तरी तपासाव्यात. घराण्यात कोणी परधर्मातून आले होते का? कोणाचा घटस्फोट धर्मशास्त्राला सोडून झाला होता का? शंका आली, तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे. इस्रायलमध्ये ज्यू माणसाचे लग्न रब्बीच लावतो, सरकारी कचेरीत नोंदणी पद्धतीने लग्न करण्याची सोय तिथे नाही. त्यामुळे रब्बीने नाही म्हटले की त्या देशात लग्न होत नसे.

ज्यांच्यासाठी हे पत्र निघाले ती माणसे घरात मराठी बोलत होती. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, चेऊलकर अशी होती. त्यांच्या आज्या अलिबाग, रेवदंडा, पनवेल, मुरूड इथल्या. तीन पिढ्यांचे कागद कोकणातल्या खेड्यातून कोण आणून देणार? त्या आज्यांचे जन्म कुठल्या वहीत नोंदलेले नव्हते. गावाला ठाऊक होते, एवढाच पुरावा होता.

अल्पसंख्य घरातल्या तरुणांच्या वाट्याला येणाऱ्या परकेपणाची चर्चा आज बरीच होते. या प्रश्नाची एक जुनी आणि अस्सल मराठी कहाणी मात्र महाराष्ट्र विसरून गेला आहे. ती बेने इस्रायलांची. या समाजाला आपण कोण आहोत याचा पुरावा पुन्हा पुन्हा द्यावा लागला, आणि बहुतेक वेळी तो मागितला गेला शाळेत, नोकरीत, लग्नात, म्हणजे नेमका तरुण वयात.

समाजाची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचून अलिबागजवळच्या नवगावला लागल्या. जे बुडाले त्यांना तिथेच पुरले. आज त्या जागी स्मारक आहे. इतिहासकारांमध्ये काळाबद्दल मतभेद आहेत. कोणी हा समाज बराच नंतर आला असे मानतात. पण हे लोक कित्येक शतके कोकणात होते आणि कोकणातलेच झाले, याबद्दल वाद नाही. गलबताबरोबर धर्मग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. उरले ते शेमा प्रार्थनेचे शब्द, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

सणांची नावेसुद्धा मराठी झाली. नवा वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा मोठा उपास म्हणजे दारफाळणीचा सण, त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवशी वालाचे बिरडे करायचे, म्हणून तो बिरड्याचा सण. नवस फेडायचा तर संदेष्टा एलियाहूच्या नावाने मलिदा: पोहे, खोबरे, साखर, फळे आणि ताटात गुलाबाची फुले. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात आणि आजही लोक तिथे नवस बोलतात. बायका लुगडी नेसत, लग्नात हातावर मेंदी काढत. मांडवातली मुलगी कुठल्या समाजाची हे पाहुण्याला पटकन ओळखता आले नसते.

कोकणाने या लोकांना कधी छळले नाही, हे खरे आहे आणि ते अभिमानाने सांगितलेही जाते. पण त्या अभिमानात एक गोष्ट झाकली जाते. गावाने त्यांना सामावून घेतले ते जातीच्या उतरंडीतली एक पायरी देऊन. तेल्याची पायरी खालची, म्हणून यांचीही खालचीच. धर्म वेगळा आहे याचे गावाला काही वाटले नाही, कारण वेगळेपणासाठी गावाकडे आधीच एक चौकट तयार होती.

आणि ती चौकट या समाजाने स्वतःही उचलली. बेने इस्रायलांत गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. समाजाबाहेरच्या स्त्रीपासून झालेल्या संततीचे वंशज ते काळे, असे मानले जाई. त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नव्हता. प्रार्थनास्थळातही त्यांचा मान दुय्यम होता. काळे इस्रायल घरातल्या मुलाने हिब्रू कितीही शुद्ध म्हटले तरी त्याची पायरी बदलत नसे. पुढे ज्या समाजाने वंशशुद्धीच्या चौकशीविरुद्ध लढा दिला, त्याच्या घरातही अशी चौकशी चालत होती. हे सांगितल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होत नाही.

समाजाच्या आठवणीतली पहिली परीक्षा दाविद राहाबी नावाच्या माणसाने घेतली. कोचीनच्या ज्यू घराण्यातला हा व्यापारी अठराव्या शतकात कोकणात आला असे बहुतेक अभ्यासक धरतात. शनिवार पाळणारे तेली आहेत असे त्याने ऐकले होते. हे खरोखर ज्यू आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांना वेगवेगळी मासळी रांधायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी घेतली, बाकीची बाजूला काढली. ज्यू धर्मशास्त्रात तशीच मासळी चालते. राहाबीची खात्री पटली आणि त्याने तीन तरुणांना शिकवून तयार केले. झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले हे तरुण समाजाचे काजी झाले. गोष्टीत दंतकथेचा भाग असेल, पण ती ज्या जिव्हाळ्याने पिढ्यानपिढ्या सांगितली गेली त्यात अर्थ आहे. बाहेरचा एक माणूस आला, त्याने परीक्षा घेतली आणि आपल्या बायका चुलीपाशी ती उत्तीर्ण झाल्या, हा त्या गोष्टीतला आनंद आहे.

इंग्रजांचे राज्य आले तसे तरुण पोरे घाणा सोडून मुंबईत आणि कंपनीच्या फौजेत गेली. सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हा त्यातलाच एक. म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या कैदेत पडला आणि सुटून परतला. समाजात सांगतात की कैद्यांचा धर्म कळल्यावर टिपूच्या आईने त्याला वाचवले. त्याने 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले. मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरून पडले असे मानले जाते, आणि ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याचे नाव सॅम्युएल स्ट्रीट. रोज त्या स्टेशनात उतरणाऱ्या किती मुंबईकरांना हे ठाऊक असते?

फौजेत बेने इस्रायलांनी चांगले नाव कमावले. संख्येने थोडे असून सुभेदार, सुभेदार-मेजर या हुद्द्यांवर त्यांची माणसे पुष्कळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र इंग्रजांनी पलटणी जातवार करायला सुरुवात केली. मराठ्यांची पलटण वेगळी, शिखांची वेगळी. बेने इस्रायल इतके थोडे की त्यांची स्वतंत्र पलटण निघणे शक्य नव्हते, आणि दुसऱ्या जातीच्या पलटणीत त्यांना बढतीला वाव उरला नाही. बापाने आणि आजोबाने गाजवलेला पेशा मुलासाठी बंद झाला. त्यात द्वेष कुणाचाच नव्हता. कागदावर खाने आखले गेले आणि एका समाजाला त्यात खाना मिळाला नाही. मग मुले रेल्वेत, टपालखात्यात, कस्टममध्ये कारकून झाली.

मुंबईतच त्यांना दुसरा धक्का बसला आणि तो स्वधर्मीयांकडून. डेव्हिड ससून 1832 मध्ये मुंबईला आला. त्याच्याबरोबर आणि त्याच्यामागून बगदाद, बसरा, हलब इथले ज्यू व्यापारी आले. सुरुवातीला ते बेने इस्रायलांच्या मशिदीत प्रार्थनेला येत. पण 1836 मध्येच बगदादी पुढाऱ्यांनी दोन्ही समाजांच्या सामाईक दफनभूमीत मधे भिंत घालून मिळावी असा अर्ज केला. एका धर्माची माणसे, मेल्यावरसुद्धा शेजारी नकोत! पुढे पैसा आला तसे त्यांनी भायखळ्याला 1861 मध्ये आणि फोर्टात 1884 मध्ये आपली वेगळी देखणी सिनेगॉग उभारली. काही ठिकाणी सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांच्या संख्येत बेने इस्रायल माणूस मोजत नसत. धर्मशास्त्राची कारणे पुढे केली जात, पण त्याखाली रंग होता, मराठी बोली होती आणि इंग्रजांच्या नजरेत आपण 'नेटिव्ह' ठरू ही भीती होती. बगदादींना युरोपियनांत मोजले जायचे होते. सावळ्या, लुगडे नेसणाऱ्या धर्मबंधूंमुळे त्यात अडचण येत होती. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये हा वाद इतका चिघळला की बेने इस्रायलांना कोर्टात जावे लागले. 1935 मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्यांना समान हक्क दिला.

या अपमानाला समाजातल्या जाणत्या माणसांनी शिक्षणाने उत्तर दिले. पण त्यांना हिब्रू शिकायची तर पुस्तके कुठली? ती आधी मिशनऱ्यांनी दिली. जॉन विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुलेमुली शिकली, त्यातली काही पुढे तिथेच शिक्षक झाली. मिशनऱ्यांना अपेक्षा होती की ही मुले ख्रिस्ती होतील. फारच थोडी झाली. बाकीच्यांनी मिशनऱ्यांची हिब्रू घेतली आणि आपला धर्म पक्का केला. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. पुण्यात 1874 मध्ये वल्हांडणाच्या विधीचे सचित्र पुस्तक मराठी अर्थासह छापले गेले. त्यातल्या चित्रांत बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या लाटताना दिसतात. 1880 च्या सुमारास तर कीर्तन सुरू झाले: मोशे, योसेफ, एलियाहू यांची आख्याने, साक्या आणि ओव्यांमधून, टाळ-पेटीच्या साथीने. हरिदासाचा हा साज त्यांनी कुणाकडून उसना मागितला नाही, तो त्यांच्या कानात होताच.

हाइम सॅम्युएल केहिमकर या सरकारी नोकराने 1875 मध्ये भावांच्या मदतीने मुंबईत इस्रायली शाळा काढली. त्याच केहिमकरांनी समाजाचा पहिला सविस्तर इतिहास लिहिला. 1897 मध्ये लिहून झालेले हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर, 1937 मध्ये तेल अवीवला छापले गेले. शाळेला पुढे एका बगदादी दानशूराची देणगी मिळाली आणि ती सर एली कदूरी शाळा झाली. दफनभूमीत भिंत मागणाऱ्या समाजातूनच ही मदत आली, हेही नोंदवले पाहिजे. रेबेका रूबेन 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. हा मान मिळवणारी ती पहिली मुलगी. 1922 पासून 1950 पर्यंत त्या या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आल्या आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. ज्या समाजाला एके काळी मासळीवरून ओळख पटवावी लागल्याची गोष्ट सांगितली जात होती, त्याच्या मुली आता विद्यापीठाच्या यादीत वर झळकत होत्या.

समाजाच्या शाळेबाहेरचे जग इतके सरळ नव्हते. कवी निसीम इझिकिएल यांचा जन्म 1924 चा, मुंबईचा. आई-वडील दोघेही शिक्षक. रोमन कॅथलिक शाळेत ज्यू म्हणून मुलांनी कसे हिणवले आणि मारले, हे त्यांनी पुढे आपल्या कवितेत मांडले. वर्गात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारे होते, त्यांच्यासारखे ते एकटे. इझिकिएल काही काळ लंडनला राहिले, परत आले आणि मुंबईतच राहायचे त्यांनी ठरवले. त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचे वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजी भाषांतर केले. आपण कुठले, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे कामातून दिले.

1917 मध्ये समाजात दोन संघटना उभ्या राहिल्या. बेने इस्रायल परिषदेचे म्हणणे होते की राजकारणात पडू नये, समाजापुरते काम करावे. ऑल इंडिया इस्रायलाइट लीगमधल्या तरुण वकील-डॉक्टरांना राष्ट्रीय चळवळीत जायचे होते. डेव्हिड एरुळकर त्यातले पुढारी. त्यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुळकर गांधीजींच्या उपासांत त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांत होते. स्वतंत्र मतदारसंघ मागावा की नाही, खादी घालावी की नाही, ज्यू राष्ट्राच्या चळवळीला पाठिंबा द्यावा का, या वादांनी घराघरात दोन तट पडले. बहुतेक घरांतला तरुण एकाच वेळी तीन ठिकाणचा होता: कोकणातल्या गावचा, मुंबईतल्या चाळीचा आणि प्रार्थनेत रोज आठवल्या जाणाऱ्या जेरुसलेमचा.

1948 मध्ये इस्रायल देश झाला आणि हे तीन धागे ताणले गेले. 1951 च्या जनगणनेत भारतात सुमारे 26 हजार ज्यू होते, त्यातले बहुसंख्य बेने इस्रायल. इथे त्यांच्यावर कुणी हल्ला केला नव्हता, कुणी जा म्हटले नव्हते. तरी लोक निघाले. इंग्रज गेल्यावर रेल्वे-टपालातल्या नोकऱ्या पूर्वीसारख्या मिळतील का ही धास्ती होती. इस्रायलहून आलेले संघटक तरुणांना भेटत होते. आणि ज्या देशात आपल्याला कुणी अल्पसंख्य म्हणणार नाही, त्या देशाची ओढ खरी होती. मीरा महादेवन (माहेरच्या मिरियम जेकब मेंढ्रेकर) यांनी 1961 मध्ये 'अपना घर' ही हिंदी कादंबरी लिहिली. ती याच फाटलेल्या घरांची आहे. कुणी जायला निघालेले, कुणी राहायचे म्हणणारे. मीराबाई स्वतः राहिल्या आणि 1969 मध्ये बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी त्यांनी फिरती पाळणाघरे सुरू केली.

जे गेले त्यांचे स्वागत कसे झाले? बऱ्याच जणांना नेगेवच्या वाळवंटातल्या बेर्शेबाच्या आसपास पाठवले गेले. मुंबईत टेबलामागे बसून कारकुनी केलेल्या माणसांच्या हाती कुदळ आली. कारखान्यांत आणि दुकानांत रंगावरून बोल ऐकावे लागले. पांढरा पाव गोऱ्यांसाठी, तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा, असे सुनावल्याची तक्रार तेव्हा जाहीरपणे केली गेली. 1951 च्या अखेरीस या लोकांनी तेल अवीवमध्ये, स्थलांतरितांचे काम पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीसमोर ठाण मांडले. मागणी एकच: आम्हांला मुंबईला परत पाठवा. 1952 मध्ये शंभराहून जास्त लोकांना विमानाने परत आणले गेले. इथे आल्यावर त्यांच्या हाती ना घर होते ना नोकरी, आणि त्यातले पुष्कळ काही काळाने पुन्हा इस्रायलला गेले. परत जाण्यामागे पोटाची गरज होती, तशी मुलेही होती. ती एव्हाना हिब्रू बोलू लागली होती.

मग आले लग्नांचे प्रकरण. रब्बींचा आक्षेप समजून घ्यायला हवा, कारण तो निव्वळ रंगाचा नव्हता. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे विवाहित स्त्रीला विधिवत फारकतीचा कागद मिळाल्याशिवाय तिने दुसरे लग्न केले, तर त्या लग्नाची मुले बाकीच्या ज्यूंशी लग्न करू शकत नाहीत. हा डाग पुढच्या पिढ्यांनाही लागतो. बेने इस्रायल शतकानुशतके ग्रंथांपासून तुटलेले होते, त्यांना फारकतीचा विधी ठाऊक असणे शक्य नव्हते. मग त्यांच्यात असे पुनर्विवाह झालेच नसतील कशावरून? समाजाचे उत्तर साधे आणि भक्कम होते. कोकणात आम्ही आजूबाजूच्या रिवाजाप्रमाणे राहिलो. आमच्यात घटस्फोटच नव्हता, मग चुकीचा घटस्फोट कुठून होणार? 1961 च्या ऑक्टोबरात मुख्य धर्मपीठाने हे बरेचसे मान्य करून बेने इस्रायलांशी लग्न करायला मूलतः हरकत नाही असा निर्णय दिला. पण चार महिन्यांत चौकशीची अट घालून तो निकामी केला. मुख्य रब्बी यित्झाक निसीम स्वतः बगदादचे होते, हे मुंबईच्या दफनभूमीची गोष्ट ठाऊक असलेल्यांच्या नजरेतून सुटले नाही.

लष्करात सक्तीची सेवा करणारा, कर भरणारा, ज्यू म्हणूनच त्या देशाचे नागरिकत्व मिळालेला पंचविशीतला तरुण लग्नाची नोंद करायला जाई आणि त्याला सांगितले जाई की तू ज्यू आहेस का हे आधी पाहावे लागेल. ठरलेली लग्ने लांबली, काही मोडली. भारतात ज्याच्या ज्यूपणाबद्दल गावाने कधी शंका घेतली नव्हती, त्याला ती शंका ज्यूंच्या देशात भेटली. या अन्यायाला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही. तो सरळ अपमान होता.

1964 च्या उन्हाळ्यात समाज रस्त्यावर आला. देशभरच्या वसाहतींतून बायकामुलांसह शेकडो लोक जेरुसलेमला जमले आणि ज्यूइश एजन्सीच्या आवारात मुक्काम ठोकून बसले. तेव्हा इस्रायलमध्ये त्यांची संख्या जेमतेम सात-आठ हजार असेल. अखेर पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारला ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेलेल्या क्नेसेटची, म्हणजे संसदेची, खास बैठक बोलवावी लागली. 17 ऑगस्ट 1964 रोजी ठराव झाला: बेने इस्रायल सर्व अर्थाने ज्यू आहेत, इतर ज्यूंहून त्यांच्यात फरक करता येणार नाही, धर्मपीठाने त्यांच्या मनातली भेदभावाची भावना दूर करावी. पंधरा दिवसांत धर्मपीठाने पत्रातून 'बेने इस्रायल' हे शब्द काढले. त्याजागी शंका असलेल्या कुणाचीही चौकशी करावी असे घातले. समाजाने लढाई जिंकली, शंका मात्र पुसली गेली नाही. 1997 मध्येसुद्धा पेताह तिकवा शहरात बेने इस्रायल मुलीचे लग्न लावायला नकार दिल्याचे प्रकरण गाजले होते.

पुढची पिढी दिमोना, लोद, रामले, अश्दोद, बेर्शेबा अशा गावांतून वाढली. शाळेत हिब्रू, घरात आजीची मराठी. या मुलांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. इस्रायलमध्ये क्रिकेट टिकले ते मुख्यतः याच समाजाच्या पोरांमुळे. मलिदा तिथे घरोघरी होतो, 1 मे रोजी महाराष्ट्र दिन होतो, आणि नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली 1980 च्या दशकापासून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. पण नातवंडांना ते वाचता येत नाही. त्यांना मराठी समजते ती स्वयंपाकघरापुरती. भारतीय वंशाच्या ज्यूंची तिथली संख्या आज ऐंशी हजारांच्या घरात सांगितली जाते.

आणि महाराष्ट्रात? 2011 च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू उरले होते साडेचार हजारांच्या आसपास. महाराष्ट्रातले बहुतेक मुंबई, ठाणे, पुण्यात आणि थोडी घरे रायगडात. अलिबागच्या इस्रायल आळीत 1848 चे सिनेगॉग उभे आहे, आळीत घरे मोजकी राहिली. इथल्या तरुणाचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्यावर कुणी शंका घेत नाही, कारण तो कोण आहे हेच कुणाला माहीत नाही. नाव सांगितले की ख्रिस्ती का, असे विचारतात, सिनेगॉगला मशीद म्हटले की मुसलमान का, असे विचारतात. शाळेच्या, कॉलेजच्या, नोकरीच्या अर्जावर धर्माच्या यादीत त्याचे नाव नसायचे, 'इतर' वर खूण करावी लागायची. जून 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा समाजाला त्याचे महत्त्व सवलतींपेक्षा याच कारणासाठी वाटले. कागदावर अखेर त्यांचा खाना आला. फौजेतून तो गेल्याला तोवर शतक उलटून गेले होते.

मराठी वाचकापुढे आता एक काम आहे आणि ते तातडीचे आहे. बेने इस्रायलांची मराठी कीर्तने, प्रार्थनांची भाषांतरे, जुनी मासिके, लग्नातली गाणी हा मराठी वाङ्मयाचाच भाग आहे, पण आपल्या वाङ्मयेतिहासांत त्याला चार ओळींपलीकडे जागा नाही. ती गाणी पाठ असलेल्या बायका मुंबईत, ठाण्यात आणि अश्दोदमध्ये ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. रायगडातल्या नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या बेने इस्रायल दफनभूमी अतिक्रमणापासून राखाव्यात, कारण कित्येक गावांत समाजाचे एकही घर उरलेले नाही आणि त्या थडग्यांकडे पाहायला दुसरे कोणी नाही. शालेय पुस्तकांत सामाजी हसाजी आणि रेबेका रूबेन यांची नावे यावीत. अलिबागला समुद्रावर जाणाऱ्यांनी तासभर काढून इस्रायल आळीत जावे, तिथल्या माणसांशी बोलावे. ती आपल्याच भाषेत बोलतील.